चमच्याने पोखरलेली भिंत

तुरुंगाच्या भिंतीआड घडणारे गुन्हेगारी साहसपट अमेरिकेत बोलपटांच्या आरंभापासून निघत आले आहेत. १९२९मध्ये तेथील काही तुरुंगांत दंगली उसळल्या आणि पुढच्याच वर्षी मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेने ‘द बिग हाउस’ हा चित्रपट आणला. त्याच्या लेखिका फ्रान्सेस मॅरियन यांना ऑस्कर मिळाले आणि ध्वनिमुद्रणासाठी प्रथमच दिले गेलेले ऑस्करही याच चित्रपटाकडे गेले. हे दुसरे पारितोषिक विशेष बोलके आहे, कारण लोखंडी दारांचे आदळणे, शेकडो बुटांची एका तालातली चाल आणि भोजनगृहातला भांड्यांचा खणखणाट हेच या चित्रप्रकाराचे मूळ भांडवल होते. क्रूर अधीक्षक, फितूर कैदी, दंगल आणि पलायन हा साचा तेव्हा जो ठरला तो फारसा बदलला नाही. मात्र या प्रकारात एक मूलभूत अडचण आहे. साहसपटाला पाठलाग आणि धावपळ करण्यासाठी मोकळी जागा लागते, आणि कैद्याच्या वाट्याला तर पाच फूट रुंद व नऊ फूट लांब अशी कोठडी आलेली असते. डॉन सीगल यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि १९७९मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘एस्केप फ्रॉम अल्काट्राझ’ या चित्रपटाने या अडचणीवर काढलेला तोडगा आजही अभ्यासावा असा आहे. त्याने साहसाची व्याख्याच हाताच्या कामापर्यंत आणून ठेवली, आणि भिंत पोखरणाऱ्या माणसाचे कष्ट पडद्यावर जितक्या आदराने दाखवले तितक्याच चिकाटीने तो चित्रपट तयारही झाला.

चित्रपटामागची घटना खरी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, शहराच्या किनाऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर अल्काट्राझ हे खडकाळ बेट आहे. तेथील जुन्या लष्करी तुरुंगाचे १९३४मध्ये केंद्र सरकारच्या तुरुंगात रूपांतर झाले. इतर तुरुंगांना न जुमानणारे किंवा तेथून वारंवार पळून जाणारे कैदी येथे आणून ठेवायचे, असे सरकारचे धोरण होते. अल कपोन या कुख्यात टोळीप्रमुखानेही येथे काही वर्षे काढली. खाडीचे पाणी अतिशय थंड आणि प्रवाह जोरदार, त्यामुळे भिंत ओलांडली तरी पुढचा मार्ग समुद्रच अडवतो, अशी अधिकाऱ्यांची खात्री होती. ११ जून १९६२च्या रात्री फ्रँक मॉरिस आणि जॉन व क्लॅरेन्स अँग्लिन हे दोघे भाऊ असे तिघे कैदी तेथून निसटले. तिघेही बँकदरोड्याच्या प्रकरणांतले होते आणि पळून जाण्याचा पूर्वेतिहास असल्यामुळेच त्यांची रवानगी या बेटावर झाली होती. अ‍ॅलन वेस्ट हा त्यांचा चौथा साथीदार मात्र आपल्या कोठडीतले भोक वेळेवर पुरेसे मोठे करू न शकल्यामुळे मागे राहिला, आणि त्यांनी काय काय केले हे तपास यंत्रणेला मुख्यतः त्याच्याकडूनच कळले.

त्यांनी केलेली तयारी थक्क करणारी होती. प्रत्येक कोठडीच्या मागच्या भिंतीत, जमिनीलगत, हवा खेळती राहावी म्हणून एक लहानशी जाळी बसवलेली होती. त्या भिंतीपलीकडे जेमतेम तीन फूट रुंदीची, पाण्याचे व सांडपाण्याचे नळ नेणारी बोळ होती आणि तिच्यावर पहारा नव्हता. खारट हवा आणि झिरपणारे पाणी यांमुळे ते जुने काँक्रीट ठिसूळ झाले होते. भोजनगृहातून पळवलेले चमचे, निर्वात झाडणीच्या मोटारीपासून बनवलेले एक ओबडधोबड छिद्रयंत्र आणि महिन्यामहिन्यांचा वेळ यांच्या बळावर त्यांनी जाळीभोवतीची भिंत कोरून काढली. रात्रीच्या मोजणीत पहारेकऱ्यांना अंथरुणात झोपलेली माणसे दिसावीत म्हणून साबण, कागदाचा लगदा, काँक्रीटचा चुरा आणि न्हाव्याच्या दुकानातून गोळा केलेले खरे केस वापरून मानवी मुंडकी तयार केली. कोठड्यांच्या छतावरील रिकाम्या जागेत चोरून थाटलेल्या कार्यशाळेत पन्नासहून अधिक रेनकोट जोडून त्यांनी तराफा व जीवरक्षक जाकिटे शिवली, आणि तराफ्यात हवा भरण्यासाठी कॉन्सर्टिना नावाचे भात्याचे वाद्य कामाला लावले. १२ जूनच्या सकाळी अंथरुणातली मुंडकी उघडकीस आली तेव्हा तिघे कधीच बेट सोडून गेले होते. नंतर खाडीत वल्ह्यासारखी एक फळी आणि अँग्लिन बंधूंच्या आप्तांची छायाचित्रे व पत्ते असलेले, रबरात गुंडाळलेले एक पाकीट सापडले. माणसे मात्र सापडली नाहीत. पुढच्याच वर्षी, २१ मार्च १९६३ रोजी, हा तुरुंग बंद करण्यात आला. त्याला पलायनापेक्षा खर्चाचे कारण मोठे होते, कारण गोड्या पाण्यासकट सर्व काही बोटीने आणावे लागत असल्यामुळे येथील दर कैद्यामागचा खर्च इतर तुरुंगांच्या जवळपास तिप्पट पडत होता आणि झिजलेल्या इमारतीची डागडुजी करण्यासाठी लाखो डॉलर लागणार होते.

या हकिकतीवर जे. कॅम्पबेल ब्रूस यांनी १९६३मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते रिचर्ड टगल या होतकरू लेखकाच्या हाती पडले आणि त्याने सुमारे सहा महिने खपून त्यावर पटकथा, म्हणजे दृश्यांची क्रमवार मांडणी व संवाद असलेला चित्रपटाचा लेखी आराखडा, तयार केली. ती ज्यांच्याकडे गेली त्यांनी ती नाकारली. संवाद कमी आहेत, प्रेमकथा नाही आणि तुरुंगाच्या गोष्टींत प्रेक्षकांना रस उरलेला नाही, असे आक्षेप घेतले गेले. शेवटी टगलने सीगल यांच्या प्रतिनिधीला दूरध्वनी केला आणि एका मेजवानीत सीगल यांनीच ही पटकथा वाचण्याची इच्छा दर्शवली होती अशी थाप ठोकून दिली. पटकथा सीगल यांच्याकडे पोहोचली, त्यांना ती आवडली आणि त्यांनी ती अभिनेता क्लिंट ईस्टवूड यांच्याकडे दिली. ज्या गोष्टी आधीच्या वाचकांना उणिवा वाटल्या होत्या त्याच या दोघांना बलस्थाने वाटल्या असाव्यात, कारण तयार चित्रपटातही प्रेमकथा नाही आणि नायक अत्यंत कमी बोलतो. टगलची थाप क्षम्य ठरावी अशीच आहे. तिच्यावाचून एक उत्तम पटकथा बहुधा कपाटात पडून राहिली असती.

सीगल यांच्याइतका या विषयाला योग्य दिग्दर्शक त्या काळी दुसरा क्वचितच मिळाला असता. १९१२मध्ये शिकागोत जन्मलेल्या सीगल यांची जडणघडण वॉर्नर ब्रदर्सच्या मोंताज विभागात झाली. मोंताज म्हणजे अनेक लहान लहान तुकडे जोडून दीर्घ काळ किंवा लांबचा प्रवास थोड्या सेकंदांत सांगण्याची संकलनाची रीत. ‘कॅसाब्लांका’ या १९४२च्या गाजलेल्या चित्रपटातले असे तुकडे सीगल यांच्या हातचे आहेत. महिनोन्महिने चाललेले एकसुरी काम पडद्यावर दाखवताना प्रेक्षकाला त्याची दीर्घताही जाणवावी आणि कंटाळाही येऊ नये, हे कौशल्य त्यांनी तेथेच कमावले. शिवाय तुरुंगपट त्यांना नवा नव्हता. १९५४मध्ये त्यांनी ‘रायट इन सेल ब्लॉक ११’ हा दंगलीवरचा चित्रपट कॅलिफोर्नियातील फॉल्सम येथील चालू तुरुंगात, खऱ्या कैद्यांना व पहारेकऱ्यांना गर्दीत उभे करून चित्रित केला होता. त्याचे निर्माते वॉल्टर वँगर यांनी त्यापूर्वी आपल्या पत्नीच्या प्रतिनिधीवर गोळी झाडल्याबद्दल तुरुंगवास भोगला होता आणि तेथे जे पाहिले त्याने अस्वस्थ होऊनच ते या चित्रपटाकडे वळले. तुरुंग हे नाट्यमय नेपथ्य नसून माणसांवर रोज परिणाम करणारी व्यवस्था आहे, ही जाण सीगल यांच्या दुसऱ्या तुरुंगपटात पंचवीस वर्षांनी उतरलेली दिसते.

चित्रीकरण खुद्द बेटावर करण्याचा निर्णय सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कष्टाचाही ठरला. तुरुंग चालू असताना चित्रपटांसाठी तो दुर्गम होता. १९६२च्या ‘बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ’मधील कोठड्या कलागृहात उभारलेल्या होत्या. तुरुंग बंद झाल्यावर १९६७मध्ये जॉन बूरमन यांनी ‘पॉइंट ब्लँक’चा काही भाग तेथे चित्रित केला, आणि ‘द एन्फोर्सर’ या १९७६च्या चित्रपटाच्या शेवटच्या चकमकीसाठी ईस्टवूड स्वतः बेटावर जाऊन आले होते. मधल्या काळात नोव्हेंबर १९६९ ते जून १९७१ या एकोणीस महिन्यांत अमेरिकी आदिवासी आंदोलकांनी आपल्या हक्कांसाठी बेट ताब्यात ठेवले होते. त्या काळातल्या आगीत काही इमारती जळाल्या आणि आंदोलनाच्या घोषणा भिंतींवर रंगवल्या गेल्या. १९७२मध्ये बेट राष्ट्रीय उद्यान विभागाच्या अखत्यारीत आले आणि पुढच्या वर्षी पर्यटकांना खुले झाले. त्यामुळे १९७८मध्ये चित्रपटाचा ताफा तेथे पोहोचला तेव्हा त्याला एक पडीक, गंजलेली आणि विजेविना असलेली वास्तू मिळाली. बेटावरचे वीजघर निकामी झाले होते, म्हणून शहरातून वीज आणण्यासाठी सुमारे पंधरा मैल लांबीच्या तारा वापराव्या लागल्या. कोठड्यांची दारे, रंग, दिवे व भोजनगृह १९६० सालच्या रूपात आणण्यासाठी सुमारे पाच लाख डॉलर खर्ची पडले. एकूण खर्चाचा अंदाज ऐंशी लाख डॉलरच्या आसपास धरला तर केवळ जागा पूर्ववत करण्यावर त्याचा सोळावा हिस्सा गेला असे दिसते. काही अंतर्भाग कलागृहात उभारावे लागले हे खरे, पण बेटावर केलेल्या दुरुस्तीपैकी बरीचशी चित्रीकरणानंतरही तशीच ठेवण्यात आली, आणि ऐतिहासिक वास्तूला चित्रपटाचा असा लाभ होणे ही अपवादात्मक बाब मानावी लागेल.

या खर्चाचे चीज छायालेखक ब्रूस सर्टीस यांनी केले. कमीत कमी प्रकाशात काम करण्याबद्दल ते ख्यातनाम होते आणि येथे त्यांनी काळोखालाच भिंतीइतके वजन दिले. आरंभीच्या प्रसंगात मॉरिसला रात्री, भर पावसात, बोटीने बेटावर आणले जाते, त्याची तपासणी होते आणि लांबलचक मार्गिकेतून त्याला विवस्त्र चालवत कोठडीत नेले जाते. या साऱ्यात बोलणे जवळजवळ नाही. बूट, किल्ल्या, पाऊस आणि दारे यांच्या आवाजांतून प्रेक्षकाला सगळी व्यवस्था कळते. जेरी फील्डिंग यांचे संगीतही बराच वेळ मागे राहते, आणि त्यामुळे पुढे जाळीभोवती काँक्रीट खरवडले जाऊ लागते तेव्हा तो बारीक करकराट ऐकताना पहारेकऱ्याच्या कानांनी ऐकल्यासारखा ताण येतो. एका प्रसंगात मॉरिस नखे कापण्याच्या कात्रीचे पाते चमच्याच्या दांड्याला जोडतो. त्यासाठी लागणारा डाख तो दहा सेंटच्या नाण्यातून मिळवतो, कारण त्या काळच्या नाण्यात नव्वद टक्के चांदी असे. काडेपेटीतल्या काड्यांच्या ज्वाळेवर ते नाणे वितळवताना ईस्टवूड यांच्या चेहऱ्यावर कोणताही आविर्भाव नाही. कॅमेरा त्यांच्या बोटांवर खिळलेला आहे आणि सोनाराच्या दुकानासमोर उभे राहून कारागिराचे काम पाहावे तशी प्रेक्षकाची नजर तेथे बांधली जाते. हाणामाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नटाला असे शांतपणे राबताना दाखवणे हे सीगल यांचे खरे धाडस होय.

या रीतीला युरोपात दोन थोर पूर्वसूरी होते. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांनी १९५६मध्ये नाझी तुरुंगातून निसटलेल्या एका सैनिकाच्या कहाणीवर चित्रपट केला, आणि त्यात चमचा, दोर व दाराची फळी यांना पात्रांइतके महत्त्व दिले. झाक बेकेर यांनी १९६०च्या ‘ल त्रू’ या चित्रपटात पॅरिसच्या तुरुंगातील भुयारखोदाई दाखवताना कैदी फरशी फोडतात तो प्रसंग मध्ये न कापता मिनिटेच्या मिनिटे चालू दिला. त्यात १९४७मधील खऱ्या प्रयत्नात सामील झालेल्या एका माणसाने स्वतः भूमिकाही केली होती. सीगल यांच्या चित्रपटात ब्रेसाँ यांची आध्यात्मिकता नाही आणि बेकेर यांचा सामूहिक विश्वासघाताचा पेचही नाही. त्यांची दृष्टी व्यवसायी आहे, लोकप्रिय नटासाठी केलेल्या साहसपटाची बंधने त्यांनी पाळली आहेत, तरीही हाताच्या कामावर त्यांनी जी श्रद्धा ठेवली ती या दोघांच्याच कुळातली आहे.

चित्रपट सर्वत्र इतकाच प्रामाणिक आहे असे मात्र म्हणता येत नाही. पॅट्रिक मॅकगूहन यांनी रंगवलेला तुरुंगाधीक्षक, ज्याला पटकथेत नावही नाही, तो सुडाने पेटलेला एकरंगी खलपुरुष आहे. डॉक नावाच्या वृद्ध, चित्रकार कैद्याची रंगांची पेटी तो काढून घेतो आणि हताश झालेला डॉक कार्यशाळेत कुऱ्हाडीने स्वतःची बोटे तोडतो. हा प्रसंग अतिरंजित वाटला तरी १९३७मध्ये अल्काट्राझच्या एका कैद्याने खरोखरच असे केले होते. कैद्यांवर मौन लादण्याची जी कठोर शिस्त होती तीही १९३०च्या दशकातच शिथिल झाली होती. म्हणजे पटकथाकाराने बेटाच्या जवळपास तीस वर्षांच्या इतिहासातील क्रौर्य उचलून १९६०–६२ या दोन वर्षांत कोंबले आहे. याहून मोठी त्रुटी म्हणजे हे कैदी तेथे का आले याबद्दल चित्रपट जवळजवळ मौन पाळतो. त्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती सहज मिळते, परंतु तिची किंमत चुकवावी लागत नाही. पॉल बेंजामिन यांनी साकारलेल्या इंग्लिश या कृष्णवर्णीय ग्रंथपाल-कैद्याच्या निमित्ताने कोठड्यांमधील वर्णभेदाचा विषय निघतो, आणि तेवढ्यापुरता चित्रपट समाजाकडे पाहतो. या पात्राला अधिक वाव मिळायला हवा होता. पुढे नामवंत झालेले डॅनी ग्लोव्हर यांचा हा पहिला चित्रपट, त्यातही अगदी लहानशा भूमिकेत.

पॅरामाउंट या संस्थेने हा चित्रपट २२ जून १९७९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित केला. त्याआधी बराच काळ मोठे चित्रपट प्रथम काही प्रमुख शहरांत लावून, बोलबाला झाल्यावर हळूहळू इतरत्र नेण्याची पद्धत होती. १९७५च्या ‘जॉज’नंतर दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा मारा करून एकाच दिवशी शेकडो चित्रपटगृहांत चित्रपट लावण्याची रीत रूढ झाली, आणि हा चित्रपटही सुमारे आठशे ठिकाणी एकदम लागला. मे महिन्याच्या अखेरीस ‘एलियन’ आला होता, आठवडाभर आधी ‘रॉकी २’ लागला होता आणि आठवडाभराने जेम्स बाँडचा ‘मूनरेकर’ येणार होता. अंतराळयाने आणि मुष्टियुद्ध यांच्या या गर्दीत संथ गतीने भिंत खरवडणाऱ्या माणसाची गोष्ट टिकेल की नाही अशी शंका येणे स्वाभाविक होते. पण समीक्षकांनी तिचे स्वागत केले आणि उत्तर अमेरिकेत तिची तिकीटविक्री सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलरवर गेली. तिकीटविक्रीतला मोठा वाटा चित्रपटगृहांना जातो आणि जाहिरातींचा खर्च वेगळा असतो, म्हणून हा आकडा म्हणजे निव्वळ नफा नव्हे, तरी निर्मितीखर्चाच्या पाचपट विक्री हे निःसंशय यश होते. चित्रपटाला परिनिरीक्षणात पीजी हे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असे, वर्गीकरण मिळाले. बोटे तोडण्याच्या प्रसंगासह हे प्रमाणपत्र मिळाल्याचे आज आश्चर्य वाटते, पण तेरा वर्षांखालील मुलांसाठी अधिक सावधगिरीचा इशारा देणारा मधला वर्ग अमेरिकेत १९८४पर्यंत अस्तित्वातच नव्हता.

सीगल आणि ईस्टवूड यांनी एकत्र केलेला हा पाचवा आणि अखेरचा चित्रपट. १९६८च्या ‘कूगन्स ब्लफ’पासून सुरू झालेल्या या सहकार्यात ‘डर्टी हॅरी’सारखा वादग्रस्त चित्रपटही होता. ईस्टवूड पुढे दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आले आणि सीगल यांच्या निधनानंतर, १९९२मध्ये, त्यांनी ‘अनफर्गिव्हन’ हा चित्रपट सर्जिओ लेओने व डॉन सीगल या आपल्या दोन गुरूंना अर्पण केला. टगल यांनाही ईस्टवूड यांनी १९८४च्या ‘टाइटरोप’चे दिग्दर्शन सोपवले.

तिघा कैद्यांचे पुढे काय झाले याचे उत्तर चित्रपट देत नाही, पण त्याचा कल लपत नाही. शेवटी अधीक्षक खाडीतल्याच एंजल बेटाच्या किनाऱ्यावर शोध घेत असताना त्याला खडकावर शेवंतीचे एक फूल मिळते. शेवंती हे डॉकचे आवडते फूल, आणि ती या बेटावर उगवते का असे अधीक्षक विचारतो तेव्हा त्याला नकारार्थी उत्तर मिळते. गंमत अशी की चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला केंद्रीय अन्वेषण संस्थेने, म्हणजे एफबीआयने, हे तिघे बुडाले असावेत असा निष्कर्ष काढून आपला तपास थांबवला आणि प्रकरण अमेरिकेच्या मार्शल सेवेकडे सोपवले. त्या सेवेने ते आजवर बंद केलेले नाही. सर्वसामान्य अमेरिकी माणसाच्या मनात मात्र सरकारी निष्कर्षापेक्षा चित्रपटातला शेवटच अधिक रुजला. बेटावर येणाऱ्या लाखो पर्यटकांना आज त्या कोठड्यांमध्ये उशीवर ठेवलेली मुंडकी दाखवली जातात आणि त्यांतले अनेकजण चित्रपट पाहूनच तेथे आलेले असतात. २०१४मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी त्या रात्रीच्या भरती-ओहोटीचे संगणकीय प्रतिरूप तयार केले. कैदी मध्यरात्रीच्या सुमारास निघाले असतील आणि जोमाने वल्हवत राहिले असतील तर ते गोल्डन गेट पुलाजवळच्या उत्तर किनाऱ्याला लागू शकले असते, आणि त्यांनी टाकून दिलेले सामान प्रवाहाबरोबर एंजल बेटाकडे वाहत गेले असते, असे त्यात आढळले. १९६२मध्ये वल्ह्यासारखी ती फळी त्याच बेटाजवळ सापडली होती.